कड्याखालची राखण

मेलेलं जनावर ओढून पुंजा घरी आला, की भागीबाई त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. अंगणाच्या कडेला, काट्यांच्या कुपाजवळ एक दगड होता. त्यावर बसून त्यानं अंघोळ करायची, कपडे कुपावर टाकायचे आणि मगच घरात पाय ठेवायचा. पाण्याचा हंडा ती लांबूनच सरकवायची. वासापेक्षा तिला त्या पाण्याचा राग जास्त. चैत्र नुकताच लागला होता. खैरपाड्याच्या झऱ्यावर बायका वाटीवाटीनं पाणी भरत होत्या, आणि इथं अख्खा हंडा मेलेल्या गुराच्या नावानं मातीत जात होता.

"वास गेला का बघ," ओल्या अंगानं पुंजा म्हणायचा.

"मी नाय बघनार. तुमच्या गिधाडान्ला इचारा."

पुंजा हसायचा. ते हसणं तिला आणखी लागायचं.

पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यामागं एक उभा कडा होता आणि त्याच्या कपारींत गिधाडं राहत. भागीबाई लग्न होऊन आली तेव्हा ती आभाळभर फिरायची. पुढं कमी होत होत मोजकीच उरली. काही वर्षांपूर्वी वनखात्याची माणसं आली आणि शाळेच्या पडवीत बैठक बसली. गुरं मेली की ओहोळात टाकायची नाहीत, कड्याखालच्या सपाट माळावर नेऊन ठेवायची, म्हणजे पाखरांना खायला मिळेल, असं ठरलं. कोण नेणार, म्हटल्यावर पुष्कळ हात वर झाले. पहिल्याच उन्हाळ्यातल्या वासानं निम्मे खाली आले. उरलेले द्राक्षाच्या हंगामात निफाडकडे मजुरीला गेले, ते परत वर झालेच नाहीत. पुंजाचा हात तेवढा वर राहिला. गाडी त्याची, बैल त्याचे, दोरही त्याचा.

"तुमाला काय मिळतं त्याच्यात?" भागीबाईनं एकदा विचारलं होतं.

पुंजा दोर गुंडाळत राहिला. "बरं वाटतं," तो म्हणाला.

"बरं वाटायला बिडी वढा की मंग."

त्या चैत्रातच पाड्यात एक लग्न झालं. भागीबाई पंगतीत आमटी वाढत होती. पुंजा पानावर बसला, तसा त्याच्या शेजारचा पाहुणा आपली पत्रावळ उचलून दुसऱ्या ओळीत जाऊन बसला. पुंजानं मान खाली घातली आणि भात कालवत राहिला. भागीबाईच्या हातातला डाव तसाच राहिला, आमटी पायावर सांडली, तेव्हा ती भानावर आली. पाठोपाठ धनराजचा फोन आला. तिचा हा एकुलता एक मुलगा सातपूरच्या कंपनीत कामाला होता. कुणीतरी पुंजाचा गाय ओढतानाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला होता.

"आई, शिफ्टमधली पोरं मला गिधाडाचा बच्चा म्हनतात," तो म्हणाला. "बाबान्ला सांग, आता पुरे."

तिनं सांगितलं. पुंजानं ऐकून घेतलं. आणि पुढच्या आठवड्यात कुणाची म्हैस मेली, तेव्हा गाडी जुंपली.

मग भाताच्या वाफ्यावर जाळायच्या राबासाठी फांद्या तोडायला तो ऐनाच्या झाडावर चढला आणि कोयत्यासकट खाली आला. पेठच्या दवाखान्यात गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. भागीबाईच्या काळजाचं पाणी झालं होतं. पण तो खाटेवर पडलेला बघताना, मनाच्या एका कोपऱ्यात तिला सुटल्यासारखंही वाटलं. आता महिना-दोन महिने तरी तो दोर खुंटीवरून उतरणार नव्हता.

एका सकाळी खालच्या गावातला रावजी मोटारसायकलवर आला. गावात त्याच्या दोन विहिरी, ट्रॅक्टर. पाड्यातली अर्धी माणसं त्याच्याच वावरात राबायची. गाडीवरून न उतरता, गाडी बंदही न करता तो ओरडला, "पुंजा, बैल मेलाय. उचलून ने."

"दादा, माझा पाय..." पुंजा आतून म्हणाला.

"मंग बायकोला धाड. तुमचंच काम हाय ना ते?"

भागीबाई चुलीतली राख काढत होती. राखेनं भरलेल्या हातांनी ती बाहेर आली.

"आमचं काम?" ती म्हणाली. "बलुतं खातो का आमी तुमचं? ते मर्जीनं करत व्हते. आता मर्जी नाय. बैल तुमचा, टॅक्टर तुमचा. तुमीच न्या."

रावजीच्या तोंडावर कुणी पाड्यातली बाई असं बोलली नव्हती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग गाडी वळवली. "लय बोलाया लागले लोक," एवढंच त्याला सुचलं.

कित्येक दिवसांनी भागीबाईला छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. ती आत आली. पुंजा तिच्याकडं बघत नव्हता.

"सुईचं इचारायचं राह्यलं," तो आढ्याकडं बघत म्हणाला.

हे त्याचं नेहमीचं. कुणाचंही जनावर उचलण्याआधी तो विचारायचा, आजारी होतं का, कसली सुई दिली? गुरांचं दुखणं मारणारं एक औषध होतं. ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची आणि ती बसल्या जागी माना टाकायची. मोठे थवे त्यानंच संपवले, असं वनखात्याच्या बैठकीत सांगितलं होतं. गुरांना ते द्यायला बंदी होती, तरी गावोगाव फिरून सुया टोचणारे कधीकधी चोरून द्यायचेच.

"आसंल नायतर नसंल," भागीबाई म्हणाली आणि हंडा घेऊन झऱ्यावर गेली.

ती परत आली तर पुंजाच्या खाटेजवळ सुवर्णा उभी होती. रावजीची सून. खालून धावत आली होती. पदरानं तोंड पुसत होती आणि पुन्हा पुन्हा दाराकडं बघत होती.

"मामंजींनी बैल टॅक्टरला बांधला न माळावर नेऊन टाकला," ती म्हणाली. "पन काका, त्या बैलाला सुया चालू व्हत्या. पाय सुजला व्हता त्याचा. तो मोटारसायकलवाला रोज यायचा. कालबी टोचली. चैतालीताईंनी बचतगटात सांगितलं व्हतं ना, तेच औषध. मी बाटली बघितली."

पुंजानं उठायचा प्रयत्न केला. प्लास्टरचा पाय जमिनीला लागला आणि तो ओठ चावून खाली बसला. सुवर्णानं अंगणात जाऊन, जिथं फोनला रेंज येते त्या आंब्याखाली उभं राहून चैतालीला फोन लावला. चैताली म्हणजे तिथली वनरक्षक. ती त्या वेळी डोंगराच्या पार पलीकडं होती. फोनवर तिचा आवाज भागीबाईला लांबूनही ऐकू आला. "मी निघालेच, पण यायला दुपार होईल. तोवर कुणीतरी तिथं उभं राहा. एकाही पक्ष्याला चोच लावू देऊ नका. काहीही करा!"

पुंजानं भागीबाईकडं पाहिलं. तो 'जा' म्हणाला नाही. म्हणाला असता, तर कदाचित ती गेली नसती. लग्नापासून आजवर कुणी ना कुणी 'जा' म्हटल्यावरच ती गेली होती. झऱ्यावर, वावरात, निफाडच्या बागांत, मुकादमाच्या हाकेवर. हा माणूस मात्र नुसता बघत होता, आणि त्याचे डोळे भरत चालले होते. ते तिला बघवेना.

तिनं कोपऱ्यातली काठी आणि कोयता उचलला. "रडता काय लेकरावानी," ती म्हणाली आणि चढाला लागली. मागून सुवर्णाच्या बांगड्या वाजल्या.

माळावर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. ट्रॅक्टरनं ओढल्याची रेघ लाल मुरुमात लांबपर्यंत दिसत होती. तिच्या टोकाला बैल आडवा. पोट फुगलेलं, पाय ताठ. आणि भोवती गिधाडं. काही दगडांवर पंख पसरून बसलेली, काही जमिनीवर. एक बैलाच्या तोंडाशीच होतं.

"हाऽऽड! हाऽऽड!" भागीबाई ओरडत, काठी फिरवत आत घुसली.

ती उडाली नाहीत. धोतर सावरत पळणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी दुडक्या उड्या मारत लांब झाली आणि तिथंच थांबली. तोंडाशी असलेलं सगळ्यात शेवटी हललं. बैलाच्या जिभेची कड फाटलेली होती. त्यानं किती खाल्लं होतं, देव जाणे.

मग त्या दोघींची पळापळ सुरू झाली. भागीबाई एका बाजूनं हाकलायची तोवर दुसऱ्या बाजूनं दोन पुढं सरकलेली असायची. सुवर्णानं वाटेत सापडलेली खताची रिकामी गोणी दोन्ही हातांनी फडफडवायला घेतली. ऊन डोक्यावर आलं. मुरूम तव्यासारखा तापला. भागीबाईच्या वहाणेचा अंगठा तुटला, तशी ती अनवाणीच पळू लागली. दगड उचलला की हात भाजायचा. पण तिनं एकही दगड पाखरावर मारला नाही. मारावासा वाटला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"मावशी, ह्ये झाकलं पायजे," सुवर्णा धापा टाकत म्हणाली.

एकीनं राखायचं, दुसरीनं बोरीच्या काट्या तोडून आणायच्या, असं ठरलं. भागीबाई कोयत्यानं फांद्या छाटून ओढत आणू लागली. काटे दंडाला ओरबाडत होते, घाम जखमांत उतरून आग होत होती. काट्यांवर दगड, दगडांवर पुन्हा काट्या. पोटाचा भाग झाकला गेला, पण डोकं उघडंच होतं. शेवटी सुवर्णा फांद्यांना गेली आणि भागीबाई बैलाच्या डोक्याशीच, त्याच्या शिंगाला पाय लावून उभी राहिली.

एक गिधाड चालत आलं. पार हातभर अंतरावर. तिनं काठी उचलली, ते थांबलं. इतक्या जवळून तिनं हे पाखरू कधी बघितलं नव्हतं. उघडी, सुरकुतलेली मान. सासरा शेवटच्या आजारात खाटेवर उठून बसायचा, तेव्हा त्याची मान अशीच दिसायची. आणि तोही असाच बघायचा, भाकरी मागायची लाज वाटल्यासारखा. त्या पाखराच्या डोळ्यात राग नव्हता. भूक होती, आणि ही बाई आज देत का नाही, एवढंच कोडं होतं. वर्षानुवर्षं याच माळावर माणसांनी त्याला वाढलं होतं.

"नको रे खाऊस," भागीबाई त्याला म्हणाली. "इख हाय त्याच्यात. तुजी आन, नको खाऊस."

ते तिथंच बसून राहिलं. तीही हलली नाही.

दोघी माळावर नाचतायत हे खालून दिसत होतं. पहिल्यांदा आली नवसाबाई. पाड्यातली सगळ्यात बोलभांड म्हातारी. "काय गं, गिधाडासंगं फुगडी खेळता का?" असं विचारत ती चढ चढून आली, आणि सगळं ऐकल्यावर तिनं पदर खोचला. मग मागं वळून तिनं पाड्याकडं अशी हाक दिली, की ती कड्यावर आपटून परत आली. टिकाव आले, फावडी आली, कुदळी आल्या. बैठकीत कधी काळी वर झालेले काही हातही त्यात होते. लग्नाच्या पंगतीची आठवण भागीबाईला तेव्हा आली नाही. कोण आलं आणि कोण नाही, हे बघायला तिला उसंतच नव्हती.

पण जमीन दाद देईना. माळावर वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. टिकाव मारला की ठिणगी उडायची. उतारावर, पळसांच्या खाली माती होती, पण तिथपर्यंत एवढा फुगलेला बैल न्यायचा कसा?

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. रावजी होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सुवर्णाच्या हातात गोणी, डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आलेला. सासरा दिसला तशी ती थिजली. मग तिनं पदर सारखा केला, पण गोणी खाली टाकली नाही.

रावजी काट्यांच्या ढिगाकडं बघत उभा राहिला. "मला काय ठाव?" तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज सकाळचा नव्हता. "मला कुनी इचारलंच नाय."

लोक काहीतरी बोलायच्या बेतात होते. भागीबाईनं हात वर केला. "खरं हाय," ती म्हणाली. "इचारलं नाय. आता दोर लावा दादा. पाखरं थांबायची नायत."

त्यानंच खाली वाकून बैलाच्या पायांना दोर बांधला. चैताली धुळीनं माखून पोचली तेव्हा पळसाखालचा खड्डा कमरेएवढा झाला होता. तिनं कुणाला काही विचारलं नाही. बूट काढले आणि फावडं घेऊन खड्ड्यात उतरली. बैल खोल पुरला, वर दगड रचले. गिधाडं उठून एकेक करत कड्याकडं परत गेली, उपाशी.

"मावशी, तुम्ही नसता तर..." चैताली म्हणू लागली.

"एकानं जीभ फाडली व्हती," भागीबाई म्हणाली. "मी यायच्या आधी."

चैतालीनं मान वर करून कड्यावरची पाखरं मोजायला घेतली.

घरी आल्यावर भागीबाई उंबऱ्यापर्यंत गेलीच नाही. कुपाजवळच्या दगडावर मटकन बसली. पुंजा भिंतीला धरून, एका पायावर लंगडत दारात आला. तिच्या दंडावर रक्ताच्या रेघा होत्या, तळपाय फोडांनी भरले होते. अंगाला बैलाचा वास येत होता आणि तो तिला स्वतःलाच येत होता. पुंजानं बसत, सरकत हंड्यातलं पाणी तांब्यानं तिच्या पाठीवर घातलं.

"जास्त नका वतू," ती म्हणाली. पण तिनं त्याचा हात धरला नाही.

त्या दिवशी ती जी झोपली, ती उन्हं अंगावर येईपर्यंत. अंगाचे तुकडे पडले असूनही इतकी गाढ झोप तिला बागांतल्या मजुरीनंतर कधी आली नव्हती. का, ते तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून ती झऱ्यावर जाताना वाट वाकडी करून कड्याखाली जाऊ लागली. नुसतं बघायला. खाटेवरून पुंजानं तिला काय बघायचं ते सांगितलं होतं: मान ताठ आहे का, पंख सावरून बसतंय का, उठून उडतंय का. मधल्या कपारीत एक घरटं होतं आणि त्यात पिल्लू. काळपट, बोजड. आई-बाप पाळीपाळीनं येऊन त्याला भरवायचे. एकाच्या पंखातलं एक पीस तुटलेलं, त्यामुळं तिला ओळखू यायचं.

तेच एके सकाळी खालच्या दगडावर बसलेलं दिसलं. मान छातीवर लोंबत होती. भागीबाई जवळ गेली तरी ते सरकलं नाही. तिनं सुवर्णाला हाक मारली, सुवर्णानं फोन केला. चैताली डॉक्टरांना घेऊन आली, तोवर भागीबाईनं आपल्या पदराची सावली त्याच्यावर धरली होती. पण ते गेलं. चैतालीनं ते कापडात गुंडाळून तपासणीला नेलं, तेव्हा भागीबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून रडली. गिधाडासाठी बाई रडते म्हणून कुणी हसलं नाही. आणि हसलं असतं तरी तिला पर्वा नव्हती.

"थोडी आधी गेले असते तर," ती पुंजाला म्हणाली.

"एकच गेलं, भागे," पुंजा म्हणाला. "सगळा कडा गेला असता." पण त्याचाही घास ताटातच राहिला.

आता घरट्यावर एकच पाखरू राहिलं. त्यालाच खाणं शोधायचं, त्यालाच राखायचं. ते गेलं की पिल्लू कपारीच्या तोंडाशी येऊन एकटंच बसायचं. ते बसलेलं बघून भागीबाईला घरी बसवेना. थोड्याच दिवसांत नवसाबाईची म्हातारी गाय मेली. भागीबाई स्वतःहून तिच्या गोठ्यात गेली, आजाराचं विचारलं, सुईचं विचारलं, दोनदा विचारलं. नुसतंच म्हातारपण होतं. मग तिनं खुंटीवरचा दोर काढला. गाडी तिनं हाकली. मागून नवसाबाई आणि सुवर्णा ढकलत होत्या. सुवर्णाला रावजीनं नाही म्हटलं नव्हतं. हो म्हणाला, असंही नव्हतं. तो नुसता ओट्यावरून बघत राहिला होता. आणि त्या सुईवाल्याला त्यानं आपल्या दारातून हाकलून लावलं, ही बातमी गावभर झाली होती.

तिघी तोंडाला पदर बांधून गाय उतरवत होत्या आणि नवसाबाई काहीबाही बोलून हसवत होती. वासानं डोळ्यांत पाणी, आणि वर हसू. परतताना तिघी पळसाखाली बसल्या. कुणाच्याही बांधावर नव्हत्या, कुणी मुकादम हाका मारत नव्हता. वर आभाळात पाखरं घिरट्या घालत खाली उतरत होती.

"आई, तूसुदिक?" धनराज फोनवर म्हणाला.

"हां. व्हिडिओ काढनाऱ्याला म्हनावं, आता माझाबी काढ," ती म्हणाली. "आन् तू सुट्टीला आलास का चल माझ्यासंगं. एकदा बघ. मंग तुज्या शिफ्टमधल्या पोरान्ला काय सांगायचं ते सांग."

"येतो," तो म्हणाला.

वैशाख संपत आला. पुंजाचं प्लास्टर निघालं, तो काठी टेकत अंगणात फिरू लागला. कड्याचा चढ त्याला अजून झेपत नव्हता. रोज तो कुपाशी उभा राहून भागीबाईची वाट बघायचा आणि ती आली की विचारायचा, "काय दिसलं?" ती हंडा उतरवायची आणि सांगायची. पिल्लू कपारीच्या काठावर आलं. पंख पसरून उभं राहिलं. वारा आला तसं घाबरून मागं सरलं. इतक्या वर्षांच्या संसारात पाणी, दळण, मजुरी यांपलीकडं नवऱ्याला सांगण्यासारखं तिच्याजवळ फारसं कधी काही नव्हतं.

त्या सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर परत आली. धावत. डोक्यावर हंडा नव्हता, पदर सुटलेला, तोंड लाल. तिला तसं येताना बघून पुंजा काठी टेकत पुढं आला.

"काय झालं? कोन गेलं?"

तिला धाप लागली होती. ती कुपाला धरून उभी राहिली. "पिल्लू," ती म्हणाली. "पिल्लू गेलं."

पुंजा मटकन खाली बसला. "आगं आई गं," तो म्हणाला.

"तसं नव्हं वो!" ती ओरडली. "उडून गेलं! पंख पसरले आन् टाकलं सोताला. मी म्हनलं, आता आपटतंय. पार खाली आलं, झाडावर आदळतंय की काय. मंग वारा लागला त्याला. असं वर गेलं, असं!" तिनं दोन्ही हात पसरले आणि अंगणात गोल फिरून दाखवलं.

पुंजा मातीतच बसून तिच्याकडं बघत होता. त्याचे ओठ हसू की रडू अशा बेतात होते.

"आन् त्याचं ते दुसरं?" त्यानं विचारलं. "त्याचं मोठं?"

"ते व्हतं की. वरच व्हतं," भागीबाई म्हणाली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली. "थांबा, पयल्यापासून सांगते."